आपण कोणांपैकी?

आगगाडीच्या डब्यात समोरासमोर बसलेल्या दोन मराठी माणसांचे संभाषण पावसापासून सुरू होवो की राजकारणापासून, दहा मिनिटांच्या आत ते एकाच ठिकाणी येऊन ठेपते. आधी नाव, मग आडनाव, मग ‘मूळ गाव कोणते?’ आणि इतक्यानेही उलगडा झाला नाही, म्हणजे किंचित घसा खाकरून व आवाज उतरवून, ‘म्हणजे आपण कोणांपैकी?’ उत्तर मिळाले की विचारणाराच्या मुद्रेवर एक प्रकारची शांती पसरते. हरवलेली वस्तू तिच्या फडताळात जाऊन पडावी, तसे त्यास वाटत असावे.

आम्ही या प्रश्नास लहानपणापासून सरावलो आहो; कारण आमचे आडनाव ‘कर’ने संपणारे असून ते ज्या गावावरून पडले, त्या गावची तीन घराणी ते लावतात. एक घराणे सोवळ्यात जेवणारे, दुसरे नांगर धरणारे आणि तिसरे शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे. यांपैकी पहिल्या दोहोंतले आम्ही कोणते, हे येथे मुद्दामच सांगत नाही. ते न सांगितल्यामुळे वाचकांच्या मनात आता जी बारीकशी चुळबुळ झाली असेल, तिच्याविषयीच आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

आमचे बालपण अलिबागेस गेले. ताई आमच्याहून आठ वर्षांनी वडील. रंगाने आम्ही दोघेही वडिलांवर गेलो होतो. आणि मराठी माणूस ज्यास भिडेखातर ‘निमगोरा’ म्हणतो, त्याच्या पुष्कळच अलीकडचा असा तो रंग होता. परंतु आमच्या अंगावर तो नुसता रंग होता; ताईच्या अंगावर तेच घराचे दुखणे झाले होते. दर रविवारी तिला डाळीचे पीठ, साय आणि आंबेहळद यांचे उटणे लागे. चहाने माणूस काळवंडते, म्हणून तिला चहा नसे; उन्हाने काळवंडते, म्हणून समुद्रावर जाणे नसे. देव्हाऱ्यात विठोबा होता, शाळिग्राम होता, आणि खांद्याशी मुरली धरलेला कृष्ण होता. त्या काळ्या रंगास आई रोज नैवेद्य दाखवी, आणि तोच हात धुऊन ताईच्या काळ्या रंगास उटणे लावी. यात काही विसंगत आहे असे घरात कोणासच वाटले नाही, आम्हांसही नाही.

सन १९६० ते १९६४ या काळात ताईस पाहावयास अकरा मंडळी येऊन गेली. पोह्यांच्या बशा बाहेर नेण्याचे काम आमच्याकडे असल्यामुळे त्या सर्वांचे चेहरे अद्याप ध्यानात आहेत. ताई दारातून आत आली की त्यांची दृष्टी एकवार तिच्या मुखावर, एकवार हातांवर आणि मग खाली सतरंजीवर जाई. पुढे शिवण, टिपण, रांगोळी यांविषयी विचारणा होई ती केवळ शिष्टाचार म्हणून. आठ दिवसांनी कार्ड येई : ‘पत्रिका जुळत नाही.’ ग्रहांच्या माथी इतकी खोटी साक्ष कोणी मारली नसेल!

ताईची जिवाभावाची मैत्रीण इस्राएल आळीत राहत असे. अलिबागच्या या आळीतील लोक म्हणजे बेने इस्राएल. फार प्राचीन काळी आपल्या पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले आणि त्यातून वाचलेल्यांचे आपण वंशज, ही त्यांची परंपरागत कथा. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी ते चालवीनात, म्हणून गावकऱ्यांनी त्यांस ‘शनवार तेली’ हे नाव दिले. गावावरून त्यांना पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आडनावे पडली, भाषा मराठी झाली, आणि एलिया पैगंबराच्या नावाने पोह्यांचा मलिदा होऊ लागला. गावाने त्यांची जात ठरविली, त्यांनी ती स्वीकारली, आणि प्रश्न मिटला. निदान मिटला असे दिसत होते.

त्या मैत्रिणीची आजी आम्हांस मलिदा देई. एके दिवशी ताईच्या रंगाचा विषय निघाला असता ती सहज म्हणाली, ‘आमच्यातही होते हो! गोरे इस्राएल नि काळे इस्राएल. गोऱ्यांनी काळ्यांशी सोयरीक करायची नाही.’ आजी स्वतः ताईहून एक छटा गडदच होती. आम्ही विचारले, ‘मग तुम्ही काळ्यांतल्या?’ तेव्हा ती जवळजवळ रागावलीच. ‘छे रे! आम्ही गोरे!’ त्या वेळी आम्हांस फार हसू आले. पुढे कळले की, या गोरेपणाचा कातडीशी काही संबंध नव्हता. ज्यांच्या आईकडच्या वंशात परक्यांचे रक्त आले असे मानीत ते काळे, आणि उरलेले गोरे. ज्यांना साऱ्या गावाने एका फडताळात ठेवले, त्यांनी त्या फडताळातही दोन खण पाडले होते.

१९६१ साली ते कुटुंब इस्राएल देशास गेले. १९४८ साली तो देश स्थापन झाल्यापासून कोकणातील ही घरे एकामागून एक रिकामी होत होती. तिकडून ताईस मराठीत पत्रे येत. त्यांतले १९६२ सालचे एक पत्र आम्हांस आठवते. त्या वर्षी तेथील धर्मपीठाने असा दंडक घातला होता की, बेने इस्राएलांपैकी कोणाचा इतर यहुद्याशी विवाह व्हावयाचा असल्यास त्याच्या पूर्वजांची, शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत, चौकशी व्हावी. हे लोक इतकी शतके धर्मशास्त्राच्या केंद्रापासून दूर राहिले. तेव्हा त्यांचे विवाह व काडीमोडी शास्त्रोक्त झाल्या असतील काय, अशी ती शंका होती. त्याआधी १९५१-५२ सालीच, रंगामुळे आपणांस कमी लेखले जाते अशी तक्रार करून त्यांच्यापैकी काही जण हिंदुस्थानात परतलेही होते. मैत्रिणीने लिहिले होते, ‘अलिबागेत आम्हांला सगळे यहुदी म्हणत. इथे विचारतात, तुम्ही यहुदी कशावरून?’ ताईने ते वाक्य दोनदा वाचले, पत्र घडी करून ठेवले आणि म्हणाली, ‘हिलाही पाहायला आले म्हणायचे!’

१९६४ साली बेने इस्राएलांनी जेरुसलेमेत मोठी निदर्शने केली, तेथील लोकसभेने त्यांची बाजू उचलून धरली आणि त्या दंडकातील त्यांच्या नावाचा उल्लेख धर्मपीठास काढावा लागला. त्याच वर्षी आमच्या ताईने बाराव्या मंडळींपुढे येण्याचे साफ नाकारले, आणि जूनपासून ती शाळेत भूगोल शिकवू लागली. आईने तीन दिवस अन्न घेतले नाही. वडील मात्र एक दिवस आपण होऊन ताईसाठी चहाचा पेला घेऊन आले. घरात त्या प्रकरणावर त्याहून अधिक काही बोलणे झाले नाही.

या प्रश्नाचे उत्तर मोजपट्टीने देता येईल असे मानणारे पंडितही होऊन गेले. १९०१ सालच्या खानेसुमारीचे प्रमुख रिस्ले यांनी नाकाच्या रुंदीचे उंचीशी प्रमाण काढून, नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा सिद्धान्त मांडला. आणि आम्हां मराठी लोकांची गणना शक व द्रविड यांच्या मिश्रणात करून टाकली. पुढे मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ साली तेच आकडे तपासून दाखविले की, हा नियम संयुक्त प्रांतात थोडाफार लागू पडला, तरी महाराष्ट्रात तो टिकत नाही. इरावतीबाई कर्वे बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजावयास गेल्या. युरोपियनांच्या कवटीची घडण इतरांहून निराळी व बुद्धीस अनुकूल असते, हा गुरूचा तर्क. तो आपल्या मोजमापांत कोठेच सापडत नाही, असे त्यांनी गुरूच्या तोंडावर प्रबंधात लिहिले आणि १९३० साली डॉक्टरेट मिळविली. डॉ. आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या उगमाविषयीच्या ग्रंथात नाकांच्या मोजमापांचाच आधार घेऊन दाखविले की, ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश निराळा नव्हे. मोजपट्टी दुसऱ्याची होती; पण या तिघांनी ती हाती घेतली तेव्हा तिने आपल्या मालकाविरुद्ध साक्ष दिली.

इतके होऊनही आगगाडीतला प्रश्न थांबला नाही. त्याचे कारण आम्हांस असे दिसते की, तो प्रश्न ज्ञानासाठी विचारलेला नसतोच. या माणसास कोठे बसवावे, त्याच्या हातचे पाणी घ्यावे की नाही, त्याची मुलगी करावी की नाही, एवढेच त्यातून ठरवावयाचे असते. आणि ज्याचा असा व्यवहारी उपयोग आहे, ते शास्त्राने खोटे ठरविले तरी मरत नाही. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ताईचे दुःख उंबरठ्याच्या आतले होते. ज्यांना उंबरठ्यालाच शिवू दिले नाही, पाणवठ्यावरून ज्यांना हाकलले, त्यांच्या दुःखाशी त्याची बरोबरी करणे धार्ष्ट्याचे होईल. परंतु दोन्ही ठिकाणी पाहणारी दृष्टी एकच. आणि ती दृष्टी पाहणाराकडेच असते असे नव्हे, जो पाहिला गेला त्याच्याकडेही ती हळूहळू येते. गोऱ्या इस्राएलांतल्या त्या सावळ्या आजीस आम्ही हसलो होतो. ते हसू आमच्यावर उलटावयास साठ वर्षे लागली.

गेल्या वर्षी आमच्या मुलास मुलगी झाली. पहाटे इस्पितळातून त्याचा फोन आला. बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचे कळताच आमच्या तोंडून जो पुढचा प्रश्न बाहेर पडला, तो असा : ‘रंगाने कशी आहे रे? उजळ आहे ना?’ ज्याने अकरा वेळा पोह्यांच्या बशा नेल्या, रिस्लेचे नाक आणि बर्लिनच्या कवट्या ज्यास पाठ, त्या आमच्याच तोंडून! ताई शेजारी झोपाळ्यावर बसली होती. वयाची ब्याऐंशी वर्षे उलटली असली तरी तिचे कान शाबूत आहेत. तिने झोपाळा पायाने थांबविला व आमच्याकडे पाहिले. पोरगा अभ्यास न करता वर्गात आला म्हणजे ती ज्या नजरेने पाहत असेल, तीच ती नजर. ती म्हणाली, ‘वजन किती भरलं, ते विचार.’

आम्ही विचारले. पावणेतीन किलो.

बारशास मुलीची सख्खी आत्या नसल्यामुळे कानात नाव सांगण्याचा मान ताईस मिळाला. घर माणसांनी भरले होते. सुना, व्याही, शेजारणी एकामागून एक पाळण्यावर वाकत, कौतुकाने दुपट्याचा पदर बाजूस सारीत, आणि मान वर करून हळूच काही तरी म्हणत : ‘बापावर गेली नाही का?’ ‘जावळ उतरलं की खुलेल हं रंग.’ ‘कुणाचा वर्ण घेतलाय म्हणायचा?’ त्यांच्या मनात वाईट काही नव्हते, हे आम्ही शपथेवर सांगू. आमच्याही मनात त्या पहाटे नव्हते. पाळण्याची दोरी हाती धरून बसलेली ताई प्रत्येकीस तितक्याच आपुलकीने एकच उत्तर देत होती.

‘पावणेतीन किलो,’ ती म्हणे, आणि दोरी ओढी.