चार गिगाबाइटांचे माप

यंत्रांच्या बाबतीत मी मूळचा भित्रा. घरात नवी वस्तू आली की तिचे पहिले बटण दाबण्याचा मान मी सौभाग्यवतींना देतो आणि स्वतः माहितीपत्रक वाचण्याचे निमित्त करून लांब उभा राहतो. असा मी एका दिवाळीत चार दिवस आणि तीन रात्री संगणकापुढे ठाण मांडून बसलो होतो, हे सांगितले तर आमच्या ओळखीचे लोक हसतील. हसोत बापडे.

ही गोष्ट 2009 सालची. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत आईचे सहस्रचंद्रदर्शन आम्ही सांगलीच्या घरी केले. फार मोठा थाट नव्हता. घरची माणसे, शेजारपाजार, आणि कोकणातून मुद्दाम आलेली माई मावशी. आईहून पाच वर्षांनी मोठी, कमरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत. कणकेचे 81 दिवे लावून तिने धाकट्या बहिणीला ओवाळले, तेव्हा कोणीतरी खोलीतले दिवे घालवले होते. लंडनहून आलेल्या माझ्या पुतण्याने तो सगळा सोहळा नव्या कॅमेऱ्याने टिपला. जूनमध्ये माई मावशी गेली. आईला प्रवास झेपण्यासारखा नव्हता. शेवटची भेट राहिलीच.

सप्टेंबरात पुतण्याने एका ओळखीच्या माणसाबरोबर लहानशी डिस्क पाठवली. तीत एक तास पन्नास मिनिटांची एकच फाइल होती. आई म्हणाली, “अरे, मला माई दाखव.” संगणकाच्या पडद्यावर तिला काही दिसेना. एका डोळ्यात काचबिंदू, दुसऱ्याचे नुकतेच ऑपरेशन झालेले. बैठकीतला मोठा टीव्ही मात्र तिला चार हातांवरून दिसे.

त्या टीव्हीखाली चिरंजीवांचे खेळाचे खोके होते. प्लेस्टेशन 3 त्याचे नाव. पहिल्या पगारातून घेतलेले ते यंत्र बेंगळूरच्या खोलीत मावत नाही म्हणून त्याने आमच्या गळ्यात मारले होते. ते सिनेमेही दाखवते, हे तोच सांगून गेला होता. मी डिस्क खोक्याला जोडली. खोक्याने तिची दखलसुद्धा घेतली नाही; पाहुण्याला ओटीवर उभे ठेवून आत निघून जाणाऱ्या यजमानासारखे ते घुमत राहिले.

लंडनला फोन केला. “काका, डिस्क त्याला समजेल अशा पद्धतीने आखलेली नाही,” पुतण्या म्हणाला. “त्याला फॅट 32 लागते. आणि फाइल एमकेव्ही आहे, तीही त्याला कळत नाही.” मग त्याने जे सांगितले ते मी माझ्या भाषेत सांगतो. चित्रफीत म्हणजे एक डबा असतो. डब्यात चित्रांचा एक जिन्नस, आवाजाचा दुसरा. एमकेव्ही म्हणजे मात्रोस्का नावाचा डबा. एकीच्या पोटात एक बसणाऱ्या रशियन बाहुलीवरून ते नाव पडले. (त्या नावात मला उगीचच ‘मातृ’ ऐकू येत राहिले.) आतली चित्रे एच.264 पद्धतीची होती आणि ती खोक्याला उत्तम समजत होती. अडत होते ते डब्यापाशी. लाडू चांगले, पण डबा आपल्या घरचा नाही म्हणून झाकण उघडायचे नाही, असा हा सोवळेपणा!

“आतला जिन्नस तसाच ठेवा, फक्त डबा बदला. दहा मिनिटांचे काम आहे. पण एका फाइलला चार गिगाबाइटांची मर्यादा आहे, आणि तुमची जवळजवळ दहा आहे. तेव्हा तीन तुकडे करा.”

चार गिगाबाइट, त्यातूनही एक बाइट कमी! इतके काटेकोर माप मी फक्त आमच्या जुन्या वाण्याकडे पाहिले होते. पण मला खटकला तो ‘तुकडे’ हा शब्द. आईचा सोहळा तीन तुकड्यांत दाखवायचा? मध्येच मी उठायचे, खोक्याशी खुडबुड करायची, आणि ती बिचारी अंधारात बसून राहणार? मी पुतण्याला “बरं” म्हटले आणि मनात ठरवले, तुकडे करायचे नाहीत. फाइलच लहान करायची.

त्यासाठी हँडब्रेक नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. नाव मोटारीचे आणि चिन्ह अननसाचे! त्यात खेळाच्या खोक्यांसाठी आयती मापे होती. मी चित्राचा आकार 1920 गुणिले 1080 ठिपक्यांवरून 1280 गुणिले 720 वर आणला, म्हणजे प्रत्येक चित्रातले निम्म्याहून अधिक ठिपके काढून टाकले. आणि एकूण वजन साडेतीन गिगाबाइट ठरवून दिले.

हे यंत्र काटकसर कशी करते ते समजल्यावर मला जुन्या पोस्टकार्डांची आठवण झाली. पहिल्या पत्रात घरची सगळी हकीकत लिहायची. पुढच्या पत्रांत नवे घडले तेवढेच, आणि ‘बाकी मागीलप्रमाणे’. सेकंदाला पंचवीस चित्रे असतात, पण पूर्ण चित्र क्वचितच साठवलेले असते. मधल्यांत केवळ काय हलले याची नोंद. भिंत हलत नाही, म्हणून भिंत स्वस्त. साडीचा पदर हलतो, म्हणून महाग. दोन फेऱ्या करायला सांगितल्या तर पहिल्या फेरीत यंत्र केवळ अंदाज घेते, पंगत बसण्याआधी आचारी पाने मोजतो तसा. आणि दुसऱ्या फेरीत वाढायला लागते. डोळ्याला जे फारसे कळणार नाही असे त्याला वाटते, ते वाढतच नाही.

एक लाख पासष्ट हजार चित्रे होती. आमचा संगणक जुना. रात्री नऊला सुरू केले तर दुसऱ्या दिवशी दुपारी संपेल असा त्याचा हिशेब. आणि ते दिवस महाराष्ट्रात भारनियमनाचे. पहिल्या खेपेस शेकडा ऐंशीवर आकडा असताना वीज गेली. बॅटरीने वीस मिनिटे धीर धरला. पुन्हा पहिल्यापासून! दुसऱ्या खेपेस तेच, फक्त शेकडा तीसवर. घरात चकल्या तळल्या जात होत्या, आकाशकंदील माझी वाट पाहत अर्धवट पडला होता, आणि मी एका हिरव्या पट्टीकडे टक लावून बसलो होतो. सौभाग्यवती एकदा डोकावून म्हणाल्या, “इतक्या वेळात माणूस लंडनला जाऊन आला असता.” तिसरी खेप लक्ष्मीपूजनाच्या दुपारी पार पडली.

त्या संध्याकाळी पूजा झाल्यावर आईला टीव्हीसमोर बसवले. खोक्याने या वेळी विनातक्रार झाकण उघडले. अखंड, एका दमात सोहळा सुरू झाला. दिवसाउजेडीचा भाग सुरेख होता; मी खुर्चीत मागे टेकलो. मग ओवाळण्याची वेळ आली. खोलीतले दिवे गेले, आणि 81 ज्योती एकदम थरथरल्या. एकही ज्योत ‘मागीलप्रमाणे’ नव्हती. यंत्राने सगळी शिदोरी ज्योतींवर खर्च केली असावी. अंधारातल्या चेहऱ्यांसाठी काही उरले नाही. माई मावशीचा चेहरा तांबूस-काळ्या चौकोनांचा झाला. ती हसली, तेव्हा चौकोन हलले.

मी आईकडे पाहिले. ती पुढे वाकून बसली होती. “दिसली हो,” ती म्हणाली. “नथ घातलीय माईनं.” मला नथ दिसत नव्हती.

मी तिला काही बोललो नाही. पुढे महिनाभर रोज संध्याकाळी ते ओवाळणे लावायचा क्रम झाला. डिसेंबरात डिस्क लंडनला परत गेली. संगणकावरची जागा संपली तेव्हा मूळ प्रत मी पुसली, कारण ती पुतण्याकडे आहे. आणि पुतण्याने डिस्क दुसऱ्या कामाला घेतली, कारण ती काकांकडे आहे. हे आम्हा दोघांना कळले ते 2013 साली, आई गेल्यानंतर, तेराव्याच्या दिवशी. दोघेही काही वेळ गप्प बसलो. तो मला एका शब्दाने काही बोलला नाही. दहा मिनिटांचे काम त्याने सांगितले होते.

2015 साली त्याच घराण्यातल्या पुढच्या खोक्याला मात्रोस्काचा डबा उघडता येऊ लागला, असे चिरंजीवांनी सांगितले. त्याच्याकडे आता असे प्रोग्रॅम आहेत की ते चौकोन पुसून तेथे रेखीव चेहरा काढून देतात. त्याने गेल्या दिवाळीत विचारले, “बाबा, करू का?” मी विचारले, “तो प्रोग्रॅम माईला ओळखतो का?” तो हसला आणि म्हणाला, “नाही. चेहरे कसे असतात तेवढे त्याला ठाऊक आहे.” मी नको म्हटले.

जुने खोके अजून चालते. पंखा मात्र गिरणीसारखा घरघरतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आम्ही ती फाइल लावतो. आवाज तेवढा लख्ख राहिला आहे, त्यावर मी हात फारसा चालवला नव्हता. ओवाळून झाल्यावर ताम्हन खाली ठेवल्याचा आवाज येतो, आणि चौकोनांच्या मागून माई मावशी म्हणते, “अरे, लावा रे दिवे आता. हिचं तोंड बघू दे मला नीट.”