प्रिंटर ठणठणीत, तरी भंगारात?

मागच्या आठवड्यात एका जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींचा फोन आला. शाळेला नवा कॉम्प्युटर मिळाला, पण लोकवर्गणीतून घेतलेला जुना लेझर प्रिंटर त्यावर चालेना. दुरुस्तीवाला पोरगा म्हणाला, "गुरुजी, हा गेला आता. नवीन घ्या." गुरुजी जडसंग्रह नोंदवही उघडून निर्लेखनाचा प्रस्ताव लिहायला बसलेले. म्हटलं, थांबा, येतो.

प्रिंटरवरचं बटण दाबून धरलं, तर पठ्ठ्याने टेस्टचं पान छापून दिलं. अक्षरं काळीकुळकुळीत! म्हणजे यंत्र धडधाकट आहे. अडलंय ते कॉम्प्युटर आणि प्रिंटरमधल्या दुभाष्यापाशी, म्हणजे ड्रायव्हरपाशी.

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे जो तो विंडोज 11 कडे निघालाय. ते फक्त 64 बिटमध्ये येतं. कंपनीने त्या काळात 32 बिटचाच ड्रायव्हर दिला असेल, तर तो इथं चालत नाही. आणि नवीन प्रिंटर विकायला बसलेली कंपनी जुन्यासाठी ड्रायव्हर कशाला लिहीत बसेल?

गुरुजींच्या प्रिंटरला पीसीएल 6 ही भाषा येत होती. टेस्टच्या पानावरच लिहिलेलं होतं. मग 'प्रिंटर जोडा'मध्ये जाऊन यूएसबीचं पोर्ट निवडलं, कंपन्यांच्या यादीत मायक्रोसॉफ्ट आणि त्याखाली 'मायक्रोसॉफ्ट पीसीएल 6 क्लास ड्रायव्हर'. पान बाहेर. खर्च शून्य, चहा गुरुजींचा.

सगळीकडे हे जमत नाही, हेही सांगतो. स्वस्तातल्या बऱ्याच प्रिंटरना अशी भाषाच येत नाही, पान कॉम्प्युटरने तयार करून द्यावं लागतं. तिथं जुना कॉम्प्युटर प्रिंटरशेजारी तसाच ठेवावा, त्याचं इंटरनेट काढावं आणि पीडीएफ पेनड्राइव्हने न्यावी. लिनक्सवर अशा काही प्रिंटरचे फुकट ड्रायव्हरही आहेत. फक्त गूगलवर दिसेल त्या साइटवरून ड्रायव्हर उतरवू नका राव! ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर अख्ख्या गावाचे आधार नंबर असतात.

खरा प्रश्न पैशाचा आहे. शाळा, ग्रामपंचायत, सोसायटी, कुठेही नवा कॉम्प्युटर आला की चालता प्रिंटर अडगळीत आणि नव्याचं बिल तयार. केंद्राने जुलै 2022 मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' यावर समिती नेमली. शेती अवजारं, मोबाइल-टॅबलेट, टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहनं, ही चार क्षेत्रं आधी घेतली. ऑफिसातल्या प्रिंटरचं त्यात वेगळं नाव नाही. मग निदान खरेदी करताना आपल्या लोकांनी कंपनीकडून लिहून घ्यावं की ड्रायव्हर किती वर्षं देणार. टोनरचा भाव विचारतो, हे कुणीच विचारत नाही.

तुमच्या गावच्या शाळेत असा प्रिंटर धूळ खात असेल, तर निर्लेखनाच्या कागदावर सही व्हायच्या आत मॉडेल नंबरचा फोटो मला पाठवा. रविवारी मोकळा आहे.