भरवशाची गाडी

आमच्या सातारा-सांगली भागात कुणी पेढे घेऊन आला आणि "गाडी घेतली" म्हणाला, तर मी लगेच "किती माणसं बसतात?" असं विचारत नाही. "किती माल बसतो?" असं विचारतो. कारण दहातल्या सहा-सात वेळा ती गाडी म्हणजे पिकअप असते. पुढे दोघं-तिघं बसतील एवढी केबिन, मागे उघडा हौदा, फाळक्यावर देवाचं किंवा लेकीचं नाव.

मी मराठीचा मास्तर. मला सायकलपलीकडे काही चालवता येत नाही. पण रयतच्या शाळांत नोकरी केल्यामुळे बदल्या भरपूर झाल्या. सुरुवातीची वर्षं सांगली जिल्ह्यात, तासगाव-पलूसकडे गेली, नंतरची सातारा जिल्ह्यात कोरेगाव आणि वाई तालुक्यांत. निवृत्तीनंतर साताऱ्यातच स्थायिक झालो. त्यामुळे रस्त्यावर एमएच १०, एमएच ११ किंवा कराडच्या एमएच ५० नंबरची पिकअप थांबली आणि आतून "सर, बसा की!" अशी हाक आली, तर मला नवल वाटत नाही. गेली काही वर्षं अशा प्रत्येक हाकेला ओ देऊन मी बसतो आणि एकच प्रश्न विचारतो, "काय रे, गाडी भरवशाची आहे का?" त्या प्रश्नाला मिळालेली उत्तरं आज लिहून काढतो आहे.

आधी थोडा इतिहास. आपण मालवाहू गाडीला सरसकट 'टेम्पो' म्हणतो, तो शब्द मुळात एका जर्मन कंपनीचं नाव. १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी निघाली आणि त्या जर्मन कंपनीच्या सहकार्यानं तीनचाकी गाड्या बनवू लागली. गाडी गेली, नाव राहिलं. मग मॅटॅडोर आली. १९८६ साली टाटांची ४०७ आली, २००५ साली 'छोटा हत्ती', २०११ साली लेलँडची दोस्त. छोट्या हत्तीहून मोठी आणि ४०७ हून लहान अशी जी मधली जागा, तिथे बोलेरो पिकअप आणि तिच्या जातीच्या गाड्या बसल्या. साधारण सव्वा ते पावणेदोन टन माल, अरुंद पाणंदीतही वळेल एवढी लांबी.

परदेशात पिकअप म्हटलं की टोयोटाची हायलक्स आठवतात. १९६८ पासून ती जगभर चालते आहे आणि न बिघडण्याबद्दल तिची ख्याती आहे. भारतात ती २०२२ साली आली, तेव्हा तिची किंमत ३३ लाखांच्या पुढे होती आणि माल न्यायची क्षमता अर्ध्या टनाच्या आसपास. हे मी एका विद्यार्थ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "सर, ही गाडी माल न्यायची का मिरवायची?" तेव्हा आमच्याकडचा भरवसा वेगळ्या मापानं मोजावा लागतो, हे लक्षात आलं.

पहिलं उत्तर वाईकडच्या एका मुलाचं. पाचगणीच्या पठारावरून स्ट्रॉबेरी घेऊन पसरणी घाट उतरणं हा त्याचा हंगामातला रोजचा उद्योग. तो म्हणाला, "गाडी चांगली हाय सर, पण ब्रेकचं काम लवकर निघतं." मी त्याच्या शेजारी बसून दोनदा घाट उतरलो. डिझेल वाचवायला बरेच ड्रायव्हर घाटात गाडी न्यूट्रल करतात. काही तर इंजिनही बंद करतात. आता, या गाड्यांच्या ब्रेकला इंजिनाच्या जोरावर चालणाऱ्या व्हॅक्यूमची मदत असते. इंजिन बंद केलं की दोन-चार वेळा पाय दाबल्यावर ती मदत संपते आणि ब्रेक दगडासारखा लागतो. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि तापले की धरत नाहीत. त्याच मुलाचा चुलता त्याच गाडीवर दुसऱ्या गिअरमध्ये घाट उतरतो. त्याचे लायनर जवळजवळ दुप्पट टिकतात. गाडी एक, घाट एक, आणि दोन माणसांचे दोन अनुभव!

दुसरं उत्तर तासगाव तालुक्यातलं. "सर, पाटे टिकत न्हाईत." मी विचारलं, माल किती भरतोस? तो हसला. पावणेदोन टनांच्या गाडीत बेदाण्याचे बॉक्स अडीच-तीन टनांपर्यंत जातात. पाटा तुटतो म्हणून जादा पाटा चढवायचा. गाडी ताठ उभी राहते, पण तो भार नाहीसा होत नाही, पुढच्याच्या गळ्यात पडतो. मग हबचं बेअरिंग जातं, एक्सलचं हौसिंग वाकतं, शेवटी चॅसीला तडा. २०१९ च्या कायदादुरुस्तीपासून जादा भाराला २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये आहेत. पण भाड्याचे दर असे, की नियमात राहून खेप केली तर हप्ता सुटत नाही, असं तो म्हणतो. त्याला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. मात्र त्या गाडीला 'बेभरवशाची' म्हणणं म्हणजे तिसरीतल्या पोराला मॅट्रिकचा पेपर देऊन नापास करणं आहे.

तिसरं उत्तर मला सगळ्यांत आवडलं. ते कोरेगाव तालुक्यातल्या माझ्या एका विद्यार्थिनीचं. नवराबायकोची एक पिकअप, सकाळी दूध आणि हंगामात आलं. गाडी नवरा चालवतो, हिशेब ती ठेवते. शंभर पानी वहीत तिनं रकाने आखलेत: किलोमीटर, डिझेल, ऑइल, काम, पैसे. आणि शेवटचा रकाना 'उभी'. म्हणजे त्या दिवशी गाडी किती वेळ उभी राहिली. ती म्हणाली, "सर, मेस्त्रीला दिलेलं पैसं मला डाचत न्हाईत. गाडी उभी राहिली की डाचतं. दूध वाट बघत न्हाई." तिच्या वहीत एका वर्षी दुरुस्तीचा खर्च जास्त होता, पण 'उभी'चा रकाना जवळपास कोरा. दुसऱ्या वर्षी खर्च कमी, पण एका सुट्या भागासाठी गाडी नऊ दिवस उभी. तिच्या मते पहिलं वर्ष चांगलं. गाड्यांची परीक्षा घेणाऱ्या भल्याभल्यांनी हा रकाना उसना घ्यावा.

चौथी गोष्ट महापुराची. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. माणसं, जनावरं, भांडीकुंडी हलवायला जे हाताला लागलं ते वापरलं, त्यात पिकअप पुष्कळ होत्या. पाणी ओसरल्यावर गल्ल्यांतून चिखलानं माखलेल्या गाड्या उभ्या होत्या. सांगलीतला एक जुना फिटर दोन दिवस ओळखीच्या लोकांच्या घरी फिरून एकच सांगत होता, "चावी फिरवू नका!" सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही. स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि धुऊन-पुसून भागलं असतं तिथे अख्खं इंजिन उघडावं लागतं. ज्यांनी ऐकलं त्यांनी नोझल काढून पाणी बाहेर काढलं, इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलमधलं ताकासारखं झालेलं ऑइल बदललं आणि गाड्या रस्त्यावर आणल्या. ज्यांनी घाई केली त्यांनी गाडीला शिव्या दिल्या.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, मास्तर, सगळा दोष माणसांचाच का? तसं नाही. पाचवी गोष्ट तशी नाही, आणि हे सगळं लिहायला बसलो ते तिच्यामुळेच.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले. डिझेलमधला गंधक दशलक्षात ५० भागांवरून १० भागांवर आला आणि नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी बसली. ही जाळी भरली की गाडी स्वतःच धूर जास्त तापवून काजळी जाळून टाकते. पण त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर काही वेळ सलग चालणं लागतं. माझ्या एका विद्यार्थ्यानं २०२१ साली तासगावकडे अशी नवी पिकअप घेतली. पहिल्या भरण्यासाठी बायकोचे दागिने गहाण ठेवले. गाडीचं काम काय, तर द्राक्षबागेतून शीतगृहापर्यंत पाच-सहा किलोमीटर, दिवसभर थांबत थांबत. जाळी भरत गेली. पिवळा दिवा लागला. ड्रायव्हर सातवी शिकलेला, त्याला वाटलं डिझेलचा असेल. नंतर दुसरा दिवा लागला. आणि एका रात्री वाशीच्या बाजाराचा माल भरून निघाल्यावर गाडीची ताकदच गेली. चढ चढेना.

गावातला मेस्त्री बॅटरी घेऊन पहाटेपर्यंत उभा होता. तीस वर्षं नुसत्या आवाजावरून कुठला नोझल गेलाय हे सांगणारा माणूस. बॉनेट लावून तो म्हणाला, "हिला हाताची भाषा कळत न्हाई, स्कॅनर लागंल." तो स्कॅनर दुसऱ्या दिवशी दुपारी शहरातून आला. माल शेजाऱ्याच्या बारा वर्षं जुन्या पिकअपमधून गेला, पण बाजाराची वेळ चुकली होती. मिळाला तो भाव घ्यावा लागला. त्या महिन्याचा हप्ता दोन शेळ्या विकून भरला. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो हा.

मला राग आला तो गाडीचा नव्हे. धुरातली काजळी कमी झाली हे चांगलंच झालं. रस्त्याकडेच्या शाळांत मी आयुष्य काढलं आहे, खडूची धूळ बरी पण तो काळा धूर नको. राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्या दिव्याचा अर्थ गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत व्यवस्थित छापलेला होता. पण पुस्तिका इंग्रजीत होती. ती प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरसुद्धा निघाली नव्हती. जुनी गाडी आजारी पडली की आवाज करायची, वास मारायची, धूर ओकायची. ती भाषा गावातल्या सगळ्यांना येत होती. नवी गाडी दिव्यांनी बोलते, आणि ती लिपी कुणी शिकवलेलीच नाही.

लिपी शिकवणं हा तर माझा धंदा! आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक शिकवणारा माझा एक विद्यार्थी आहे. त्याला घरी बोलावलं, ती पुस्तिका मधे ठेवली आणि दोन दुपारी बसून एक पान मराठीत तयार केलं. थोडंसं इथे देतो. लाल रंगाची तेलाची झारी: ऑइलचा दाब गेला, गाडी तिथेच बंद करा, गॅरेजपर्यंतही नेऊ नका. लाल तापमापक: इंजिन तापलं, थांबा, गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. लाल बॅटरी: चार्जिंग होत नाही, पट्टा बघा. काही गाड्यांत पट्टा तुटला की ब्रेकही जड होतो. पिवळी पेटी, आत ठिपके: जाळी भरत आली, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर सलग चालवा. त्या वेळी धुराची नळी फार तापते, म्हणून वाळल्या कडब्यावर गाडी उभी करू नका. पिवळं इंजिन: आज-उद्या तपासून घ्या, पुढच्या आठवड्यात नको. अक्षर मोठं ठेवलं, कारण ते पहाटेच्या अंधारात वाचायचं आहे.

त्या पानाच्या प्रती तासगावला गेल्या, तिथून पलूसला, वाईला. आता नवी गाडी घेणारा कुणी सल्ला विचारायला आला, तर कंपनी कुठली घेऊ याचं उत्तर मी देत नाही, ते माझं काम नाही. मी त्याला तीन प्रश्न घालतो. तुझी खेप किती किलोमीटरची? तुझ्या गावापासून स्कॅनर किती लांब? आणि 'उभी'चा रकाना कोण लिहिणार? पहिल्या दोन प्रश्नांवर मुलं विचारात पडतात. तिसऱ्यावर बहुतेक जण बायकोकडे बघतात!

गाडी कधी ना कधी बिघडणारच, लोखंडच ते. बिघडायच्या आधी ती काय सांगते हे घरातल्या एकाला तरी वाचता आलं आणि बिघडल्यावर माल नासायच्या आत तिला उभं करणारा हाकेच्या अंतरावर असला, तर ती गाडी भरवशाची. तासगावच्या त्या घरी यंदाच्या हंगामात पिवळा दिवा दोनदा लागला, असा निरोप आला. दोन्ही वेळा ड्रायव्हरनं रिकामी गाडी हायवेवर फिरवून आणली आणि दिवा विझला. दागिने अजून सोडवायचे आहेत. हप्ते मात्र वेळेवर चाललेत.