गवंड्याचा चुना

वाईस आमच्या घरामागें काळ्या दगडांत बांधलेली जुनी विहीर आहे. तिच्या कठड्यावर रुपयाएवढे पांढरट डाग आहेत. मी लहान असतांना आजोबांनीं ते सफेती करणाऱ्या गवंड्याच्या हातून उडालेल्या चुन्याचे ठरविले व त्याच्या मजुरींतून दोन रुपये कापून घेतले. "आबासाहेब, हा माझा चुना नव्हे," एवढेंच तो पुन्हां पुन्हां म्हणत राहिला. मींहि त्या वेळीं आजोबांचीच री ओढली होती.

गेल्या दिवाळीपूर्वीं घर रंगवावयाचें ठरलें, तेव्हां ते डाग खरवडण्यास मी स्वतः बसलों. सुरीनें थोडी भुकटी निघे, पण डाग कांहीं जाईना. भिंगांतून पाहतां प्रत्येक डागांत खसखशीहूनहि बारीक काळे ठिपके दिसले. मग स्वयंपाकघरांतून लिंबू आणविलें. भिंतीवरील जुन्या चुन्यावर रस पडतांच तो फसफसला. कठड्यावरील डागांना मात्र कांहींच झालें नाहीं!

पुण्यास वनस्पतिशास्त्र शिकणारी माझी पुतणी सुटींत आली होती. ती म्हणाली, "काका, हें शैवाक. आपल्या गोड्या मसाल्यांतील दगडफुलाचें भावंड. दगडफूल पानासारखें पसरतें, हें खपलीसारखें दगडालाच चिकटतें." बुरशीनें घर द्यावें व शैवलानें उन्हांत अन्न रांधावें, असा हा दोघांचा संसार. स्विस शास्त्रज्ञ श्वेंडेनर यांनीं १८६७ सालीं हें मांडलें, तेव्हां पुष्कळ विद्वानांस तें पटलें नाहीं.

नांव ठरविणें मात्र सोपें नव्हे. काळे ठिपके हीं त्याचीं फळें. बुएलिया व लेसिडिया यांचीं फळें भिंगाखालीं सारखींच दिसतात. भेद असतो तो बीजाणूंत. पहिल्याचे तपकिरी व दोन कप्प्यांचे, दुसऱ्याचे रंगहीन व एकाच कप्प्याचे. पुतणीनें एक खपली पुण्यास नेली व आठवड्यानें कळविलें : तपकिरी, दोन कप्प्यांचे, म्हणजे बुएलियाच्या कुळांतील. नेमकी जात ठरविण्यास आणखी रासायनिक कसोट्या हव्यात. तिनें शेवटीं लिहिलें होतें कीं, अशा खपल्या बहुधा वर्षाकाठीं मिलिमीटरभर किंवा त्याहूनहि कमी वाढतात.

तें वाचून मी चरकलों. म्हणजे गवंड्यानें कुंचला उचलण्यापूर्वीं कित्येक वर्षें ते डाग तेथें होतेच!

तो गवंडी आज हयात नाहीं. त्याच्या मुलास बोलावून मीं लिंबाची कसोटी करून दाखविली व दोन रुपयांची हकीकत सांगितली. तो बराच वेळ कठड्यावरून हात फिरवीत राहिला. मग म्हणाला, "बाबा शेवटपर्यंत हेंच सांगायचे."

कठडा आम्हीं रंगविला नाहीं.