वेंगुर्ल्याला जाल तर पंचांग पाहून जा

मैत्रिणींनो, सहलीला निघायचे म्हटले की आपण काय काय पाहतो? मुलांच्या परीक्षा, यजमानांची रजा, गाडीचे रिझर्वेशन, दूधवाल्याचा खाडा. वेंगुर्ल्याला जायचे असेल तर यात आणखी एका गोष्टीची भर घाला. पंचांग उघडा आणि तिथी पाहा. मुहूर्तासाठी नव्हे हं! भरती-ओहोटीसाठी. कोकणातल्या बायकांचा हिशेब अगदी सोपा असतो. तिथीची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. पुढे सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण आपल्याला काही जहाज हाकायचे नाही.

चतुर्थी-पंचमीला गेलात तर सकाळी नऊ-दहाला ओहोटी आणि दुपारी भरती, असे दोन्ही एकाच दिवसात पाहून होते. त्यातही मी पंचमी सुचवते. संकष्टी गाठली तर वेंगुर्ल्यापर्यंत जाऊन ताटात मासे नाहीत, असे व्हायचे!

एवढा खटाटोप कशासाठी? वेंगुर्ल्याला दीपगृह आहे, डचांची जुनी वखार आहे, सागरेश्वरचा किनारा आहे. ते सारे केव्हाही दिसते. पण तिथे जे मला सर्वांत नवलाचे वाटले, ते दिवसातून दोनदा पाण्यात बुडते आणि दोनदा वर येते. मांडवी खाडीतले कांदळवन. जमिनीवरची झाडे आपण रोज पाहतो, पाण्यातली कमळे देवाला वाहतो. ही झाडे मात्र धड जमिनीवरची नाहीत नि धड पाण्यातलीही नाहीत. आणि पाणीसुद्धा कसले, तर समुद्राचे खारे!

पण थेट खाडीवर जाऊ नका. कुडाळला किंवा सावंतवाडीला आगगाडीतून उतरून एस.टी.त बसलात की खिडकीची जागा धरा. या मुलखात पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ थेंब नाही. त्यातून जमीन जांभ्या दगडाची. आले पाणी की गेले झिरपून. म्हणजे चार महिने पाण्याची उधळपट्टी आणि मग आठ महिने काटकसर. महिनाअखेरीचा संसार करणारीला हे निराळे सांगायला नको.

अशा सड्यावर टिकायचे तर पाणी राखता आले पाहिजे. वाटेत काजूचे पान मिळाले तर दुमडून पाहा. चामड्यासारखे जाड, आणि वरून मेणाचा हात फिरवल्यासारखे तुकतुकीत. आतले पाणी सहजी उडून जाऊ नये म्हणून ही तरतूद. (काजू मूळचा आपला नाहीच. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तो ब्राझीलहून आणला. पण इथल्या सड्यावर असा रुजला की कोणाला परका वाटत नाही.) करवंदीने पाने लहानच ठेवली आहेत, म्हणजे ऊन कमी लागते. निवडुंगाने तर उन्हाळ्यात पानांची हौसच सोडून दिली. पानांचे काम हिरव्या खोडाकडे दिले, खोडात चीक साठवला आणि राखणीला काटे ठेवले.

आता वाटेत एखादे कमळांचे तळे लागले तर तिथली अडचण बरोबर उलट. पाणी हवे तितके, हवा मात्र नाही. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो, हे आपण कुंडीला पाणी घालताना विसरतो आणि मग झाड कुजले म्हणून हळहळतो. तळाच्या चिखलात हवा कुठून येणार? तुम्ही कमळकाकडीची भाजी केली असेल तर उत्तर तुम्ही विळीवर चिरलेले आहे. चकतीत ती गोल गोल भोके असतात ना, ती शोभेची नव्हेत. त्या हवेच्या नळ्या आहेत. पाण्यावर पसरलेल्या पानाच्या वरच्या अंगाला बारीक रंध्रे असतात, तिथून हवा आत जाते आणि देठातून थेट चिखलातल्या कंदापर्यंत पोचते. जमिनीवरच्या बहुतेक झाडांची रंध्रे पानाच्या खालच्या अंगाला जास्त असतात. कमळाच्या पानाची खालची बाजू पाण्याला टेकलेली, तिथे रंध्रे असून काय उपयोग? म्हणून ती वर.

किनाऱ्यावर गेलात की वाळूत जांभळ्या फुलांची वेल पसरलेली दिसेल. आपट्यासारखी दुभंगलेली जाडसर पाने. ही मर्यादवेल. नाव किती नेमके! समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथून हिचे राज्य सुरू होते. पेऱ्यापेऱ्याला मुळे धरून ती वाळू जागेवर ठेवते. खाडीच्या तोंडाशी केवडाही भेटेल. कणसाच्या मोहाने काटे लागायच्या आधी त्याची मुळे बघा. खोडातून तिरकी निघून काठ्यांसारखी जमिनीत रोवलेली. भुसभुशीत जागेत उभे राहायचे म्हणजे असे टेकू हवेतच.

आता खाडी. बंदराजवळच मांडवी खाडी समुद्राला मिळते, आणि तिथे होडीतून कांदळवन दाखवायला घेऊन जातात त्या बायका! स्वामिनी महिला बचत गटाच्या. मासेमारी करणाऱ्या घरांतल्या या बायकांनी २०१७ साली हा उद्योग सुरू केला. हातात वल्हे, आणि तोंडाने झाडांची, पक्ष्यांची, खेकड्यांची माहिती. आमच्यातल्या एकीने वाकून एका झाडाची डहाळी धरली, तशी वल्हे मारणारी बाई ओरडली, “ताईनू, तेका हात लावू नकात हां! तेचो चीक डोळ्यात गेलो तर मगे रडत बसूचा लागतला.” ते गेव्याचे झाड होते. त्याचा चीक खरोखरच डोळ्यांना फार वाईट. तेव्हा विचारल्याशिवाय काही तोडू नका, चाखू नका.

ओहोटीला चिखल उघडा पडतो. वास येतो, अगदी सडक्या अंड्यासारखा. नाकाला पदर लावाल, पण तो वासच या झाडांची अडचण सांगतो. त्या चिखलात हवा नाही. हवेवाचून जगणारे जिवाणू तिथे काम करतात, त्यांचा तो वास. शिवाय पाणी खारे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात पस्तीस ग्रॅमच्या आसपास मीठ असते, म्हणजे चहाचे सहा चमचे. मीठ झाडाला का नको, हे काकडीची कोशिंबीर करताना रोज दिसते. चोचवलेल्या काकडीला मीठ लावून ठेवले की पाच मिनिटांत पाणी सुटते. मीठ बाहेर जास्त झाले की आतले पाणी ओढून घेते. तुळशीला समुद्राचे पाणी घातले तर तिची तीच काकडी होईल. पाण्यात उभी राहून ती तहानेने वाळेल!

मग ही झाडे जगतात कशी? गंमत अशी की प्रत्येकीची तऱ्हा वेगळी.

कांदळ मीठ आत घेतच नाही म्हटले तरी चालेल. त्याच्या मुळांत अशी गाळणी आहे की शंभरातले नव्वदहून जास्त मीठ बाहेरच राहते. तिवर थोडे मीठ आत येऊ देते आणि पानांवरच्या बारीक ग्रंथींतून बाहेर टाकते. कोरड्या दिवशी तिवराच्या पानावर मिठाचे कण चक्क चमकताना दिसतात. आमच्या होडीवालीने स्वतः तोडून दिलेले पान मी जिभेला लावले. लोणच्याच्या बरणीचा काठ चाटावा तसे खारट!

हवेसाठी तिवराची मुळे चिखलातून सरळ वर येतात. पेन्सिली रोवून ठेवल्यासारखी, एका झाडाभोवती शेकड्यांनी, मोठे झाड असेल तर हजारांनी. त्यांच्या सालीवर छिद्रे असतात. ओहोटी झाली, चिखल उघडा पडला की ती श्वास घेतात. चिप्पीची मुळे जाड, खुंट्यांसारखी. कांदळाने खोडापासून कमानी काढल्या आहेत, छत्रीच्या काड्यांसारख्या. त्यांनी श्वासही घेता येतो आणि लाटांत पाय रोवून उभेही राहता येते. पांढरी चिप्पी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. तिची फुले रात्री उमलतात, वटवाघळे आणि पतंग त्यांवर येतात, आणि सकाळपर्यंत पांढऱ्या केसरांचा सडा पाण्यावर पडलेला असतो. आपण मात्र त्या वेळी लॉजमध्ये झोपलेल्या.

सर्वांत मला आवडली ती कांदळाची लेकुरवाळी रीत. बी चिखलात पडले तर गुदमरेल, नाहीतर भरतीबरोबर वाहून जाईल. म्हणून बी झाडावर असतानाच रुजते. फळातून हिरवी शेंगेसारखी काडी निघते, आणि महिनोन्‌महिने आईला लोंबकळत वाढते, चांगली हातभर. पुरेशी ताकद आली की सुटते. ओहोटी असली तर चिखलात टोकाने रुतते आणि तिथेच मुळे धरते. भरती असली तर तरंगत जाते, आधी आडवी, मग हळूहळू उभी, आणि कुठे तळ लागला की थांबते. पहिले बाळंतपण माहेरी करायची आपली रीत यांनी आपल्याही आधी शोधली म्हणायची!

इथे एक गोष्ट बोलून टाकते. या झाडांविषयी लिहिणारे त्यांना सोशिक म्हणतात. मला ते पटत नाही. खाऱ्या पाण्याची त्यांना हौस नाही, गोड पाण्यातही ती वाढतात. फक्त गोड पाण्याच्या काठी दुसऱ्या झाडांची गर्दी इतकी की तिथे यांना जागा मिळत नाही. म्हणून ती खारीत आली आणि तिथे गाळणी बसवली, मीठ टाकायची मोरी केली, हवेची धुराडी काढली. याला सोसणे म्हणत नाहीत, घर लावणे म्हणतात. ‘बाईने जुळवून घ्यावे’ हे आपण लहानपणापासून ऐकले. पण या झाडांसारखे, आधी आपल्या श्वासाची सोय करून मग जुळवून घ्यायला कोणी सांगितल्याचे आठवत नाही. असो.

या वनाचा आपल्याला उपयोग काय, असे यजमान विचारतील. त्यांना ताटातली कोळंबी दाखवा. मुळांच्या त्या गुंत्यात माशांची, कोळंबीची, खेकड्यांची पिल्ले वाढतात. आणि काठ कसा धरून ठेवला जातो ते माझ्या नणंदेला विचारावे.

वन्संचे सासर वेंगुर्ल्याच्या पुढे दुसऱ्या एका खाडीकाठी. घरामागे नारळ, पोफळी, केळी, मग बांध, आणि बांधापलीकडे चिप्पी-कांदळाची दाट रांग. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी ती रांग तोडली गेली. डास होतात, घाण साचते, होडी लावायला अडचण होते, अशी कारणे होती. कोणी तोडली त्याचे नाव आता घेण्यात अर्थ नाही. पहिल्या पावसाळ्यात बांध खचला, दुसऱ्यात फुटला. उधाणाचे पाणी बागेत शिरले. नारळाला थोडे खारे चालते, तो उभा राहिला. केळी त्याच वर्षी गेली. पोफळी माथ्याकडून पिवळ्या होत होत दोन-तीन वर्षांत एकेक करून वाळल्या. आणि विहीर मचूळ झाली. वन्सं नव्याने लग्न होऊन आलेल्या. डाळ शिजत नाही म्हणून सासूबाईंची बोलणी त्यांनी खाल्ली. साबणाला फेस येत नव्हता, तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आले की दोष सुनेच्या हाताचा नाही, पाण्याचा आहे.

आता कांदळवन तोडायला बंदी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली ती घातली आणि २०१८ च्या निकालात कायम केली. राज्याचा स्वतंत्र कांदळवन कक्षही २०१२ पासून आहे. पण एकदा गेलेले काही हुकुमाने परत येत नाही.

सहा वर्षांपूर्वी वन्संनी बांध पुन्हा घालून घेतला. त्यानंतरच्या पावसाळ्यात खाडीतून वाहत आलेल्या कांदळाच्या शेंगा त्यांनी टोपलीत गोळा केल्या आणि ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून बांधालगत टोचल्या. साठीच्या बाईने हे काय आरंभले म्हणून घरचे हसले. चाळीस टोचल्या होत्या. पहिल्याच उधाणात निम्म्या गेल्या, काही गुरांनी खाल्ल्या. दुसऱ्या वर्षी पुन्हा टोचल्या, या वेळी गुरांसाठी काट्यांचे कुंपण घालून.

गेल्या मे महिन्यात गेले तेव्हा सतरा उभी होती. त्यांतल्या तीन-चारांना खोडापासून कमानी फुटल्या होत्या, अगदी बोटाएवढ्या. “वहिनी, हे बघा,” म्हणत वन्संनी मला बांधावरून हात धरून नेले. मुळांशी गाळ अडून चिखल वीतभर वर आला आहे, बांधाला पाणी पूर्वीसारखे थेट आदळत नाही. पोफळी मात्र अजून लावल्या नाहीत. घरात स्वयंपाकाला पाणी नळाचेच. रोज संध्याकाळी वन्सं विहिरीतून पोहराभर पाणी काढतात, चूळ भरतात आणि थुंकून टाकतात. अजून मचूळच आहे.