चांदीच्या रुपयावर जर्मन कैसर

तिकिटे जमविणारे पुष्कळ भेटतात, नाणी जमविणारेही भेटतात. पण कारकुनाच्या पगारात जुनी जर्मन नाणी जमविणारा म्हटला की लोक जरा चमत्कारिक नजरेने पाहतात. आम्ही बी.कॉम. झालो आणि आयुष्य खतावणी लिहिण्यात चालले आहे. पैशाचा हिशेब आम्ही रोजच ठेवतो. पण पैसा स्वतः कोणाकोणाचा हिशेब सांगतो, हे या नाण्यांनी शिकविले.

जर्मनीतील लहानमोठी राज्ये १८७१ साली एका साम्राज्यात आली आणि १८७३ च्या कायद्याने मार्क हे चलन ठरले. १ मार्कचे १०० फेनिग. १ मार्कपर्यंतची नाणी सगळीकडे सारखी. पण २, ३ आणि ५ मार्कच्या चांदीच्या नाण्यांवर ज्या त्या राज्याचा राजा आणि मागे साम्राज्याचा गरुड. बारीक अक्षरावरून टाकसाळ ओळखता येते : 'ए' म्हणजे बर्लिन, 'डी' म्हणजे म्युनिक, 'जे' म्हणजे हॅम्बुर्ग. पहिल्या महायुद्धात तांबे-निकेल शस्त्रांकडे गेले आणि लोखंडाचे फेनिग निघाले. त्यांना लोहचुंबक चिकटते, म्हणून घरातल्या मुलांचे ते विशेष लाडके.

जर्मनीने सोन्याचे चलन धरले आणि जुनी चांदी विकायला काढली. १८७३ नंतर चांदीचा भाव घसरला, त्याच्या कारणांपैकी हे एक. त्याचा फटका आपल्या रुपयाला बसला. सुमारे २ शिलिंगांचा रुपया १८९३ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला आणि त्याच वर्षी, लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणे हिंदुस्थान सरकारने बंद केले. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झालेल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात रुपयाची ही सारी घसरण तपासली आहे. तो ग्रंथ वाचताना कठीण वाटलेली पाने, चांदीचा मार्क तळहातावर घेतल्यावर आम्हाला सोपी झाली.

पण आमच्या डबीतले सर्वांत मोलाचे नाणे मार्क नाही, रुपया आहे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हिंदी व्यापाऱ्यांमुळे आपला रुपया आधीपासून चालत होता. म्हणून जर्मन कंपनीने १८९० पासून तेथे स्वतःचा 'रुपी' पाडला. वजन ११.६६ ग्रॅम, चांदीही आपल्या रुपयाइतकीच. फक्त राणीच्या जागी शिरस्त्राण घातलेला कैसर दुसरा विल्हेल्म! तांब्याच्या नाण्याला 'पेसा' म्हणत, म्हणजे आपला पैसाच. ६४ पेशांचा एक रुपी. १९०४ मध्ये हा हिशेब बदलून १०० हेलरचा रुपी झाला.

विहारातील रविवारच्या वर्गात आम्ही हा रुपी दाखविला, तेव्हा एका मुलीने विचारले, "काका, लुटारूंची नाणी तुम्ही जपून का ठेवता?"

प्रश्न योग्य होता. आम्ही सांगितले ते असे. जर्मन सरकारने १८९८ पासून तेथे झोपडीमागे कर बसविला. कर भरायला हा रुपी हवा. तो मिळवायला गोऱ्यांच्या मळ्यात किंवा सरकारी कामावर राबणे आले. पुढे सक्तीची कापसाची शेती आली. १९०५ साली दक्षिणेकडील लोकांनी कापसाची झाडे उपटली आणि माजी माजी उठाव पेटला. १९०७ पर्यंत तो चिरडला गेला. सैन्याने उभी पिके व धान्याची कोठारे जाळली. गोळ्यांपेक्षा भुकेने अधिक माणसे गेली. मृतांचे अंदाज ७५ हजारांपासून ३ लाखांपर्यंत आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांनी टांझानियात सोंगिया येथे जाऊन त्याबद्दल क्षमा मागितली. तोपर्यंत शंभराहून अधिक वर्षे उलटली होती.

मुलगी म्हणाली, "मग हे नाणे म्हणजे पुरावा." आम्हाला याहून चांगले सांगता आले नसते.

ज्यांना हा छंद लावून घ्यायचा आहे त्यांना दोन शब्द. मुलांची फी आणि घरखर्च आधी, नाणे नंतर. बारीक तराजू जवळ ठेवा. वजनात फरक दिसला तर घेऊ नका. नाणे चिंच लावून घासू नका, चमक येते पण किंमत जाते. प्रत्येक नाण्याच्या पाकिटावर वर्ष, टाकसाळ आणि धातू लिहाच. पण त्या वर्षी ते कमवायला कोणाला किती राबावे लागले, हेही शोधून लिहा. राजाचा चेहरा टाकसाळीने कोरलाच आहे. राबणाऱ्याची नोंद आपल्यालाच करावी लागते.