चौदा मिनिटे

आमच्या शाळेच्या पदार्थविज्ञानाच्या कपाटात, अगदी खालच्या फळीवर, एक पत्र्याची डबी ठेवलेली आहे. नववीच्या वर्गातील एका चौकस विद्यार्थ्याने परवा ती उघडली आणि आत चाळीस पायांचा तो काळा किडा पाहून आम्हांस विचारिले, “सर, हा आधी कोणी केला?” प्रश्न चार शब्दांचा; तथापि त्याचे उत्तर देताना आमचा सबंध तास गेला, आणि तरीही त्या डबीची खरी हकीकत सांगावयाची राहूनच गेली. ती येथे सांगत आहोत.

प्रथम त्या किड्याविषयी. त्यास मायक्रोकंट्रोलर असे म्हणतात. गणित करणारा मेंदू, आज्ञा साठविणारी स्थायी स्मृती, हाताशी लागणारी तात्पुरती स्मृती आणि बाहेरच्या जगाशी बोलण्याच्या वाटा, असे सारे बिऱ्हाड सिलिकॉनच्या एकाच कपच्यावर मांडिले म्हणजे मायक्रोकंट्रोलर होतो. पुष्कळ पुस्तकांत कथेचा आरंभ इंटेल कंपनीच्या ४००४ या चिपेपासून केलेला आढळतो. ती १९७१ च्या नोव्हेंबरात जाहीर झाली. बिझिकॉम नावाच्या जपानी कंपनीस आकडेमोडीच्या यंत्रासाठी चिपा हव्या होत्या. त्यातून हॉफ, मेझर, फाजिन आणि शिमा या चौघांच्या परिश्रमाने ती जन्मास आली. सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर तीत होते. परंतु आमच्या मते हिला मायक्रोकंट्रोलर म्हणणे बरोबर नव्हे. ती बुद्धिमान खरी, पण तिची स्मृती शेजारच्या वेगळ्या चिपांत राहत असे. शेजाऱ्यांवाचून तिचे पान हलत नसे.

एकाच कपच्यावर सारे आणण्याचा मान टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीतील गॅरी बून आणि मायकेल कॉक्रन यांजकडे जातो. त्यांचे कामही १९७१ मधलेच. आरंभी ती चिप त्या कंपनीच्या स्वतःच्या गणकयंत्रांत राबत होती. पुढे १९७४ पासून टीएमएस १००० या नावाने ती इतरांस विकत मिळू लागली. तिची स्थायी स्मृती १,०२४ बाइटांची आणि तात्पुरती स्मृती अवघी ६४ खणांची, तीही प्रत्येक खणात चारच बिट! एवढ्याशा भांडवलावर तिने केवढा प्रपंच केला! १९७८ साली अमेरिकेत निघालेल्या ‘सायमन’ नामक खेळण्यात, जे दिवे लावून व सूर काढून मुलांच्या स्मरणशक्तीची परीक्षा पाहत असे, हीच चिप होती. चार खणांत चार आकडे ठेवून काटकसरीने संसार करणे त्या काळच्या कारागिरांस भागच होते, आणि ती काटकसर पाहून आम्हांस आमच्या आईच्या डब्यांची आठवण होते. असो.

१९७६ मध्ये इंटेलने ८०४८ ही आठ बिटांची चिप काढिली. तिचीच ८७४८ नावाची एक बहीण होती, आणि विद्यार्थ्यांस दाखविण्याजोगी वस्तू हीच. तिच्या पाठीवर क्वार्ट्झची पारदर्शक खिडकी बसविलेली असे. आज्ञा चुकल्या तर त्या खिडकीतून अतिनील प्रकाश काही मिनिटे पाडावा, म्हणजे आतील लेख पुसून पाटी कोरी होई. ८०४८ ला मोठे घर मिळाले ते १९८१ साली: आयबीएम कंपनीच्या प्रसिद्ध संगणकाच्या कळफलकात तिची नेमणूक झाली. कोणती कळ दाबिली गेली हे पाहणे व धन्यास कळविणे, एवढेच तिचे काम. तत्पूर्वी १९८० मध्ये तिची धाकटी, पण कर्तबगार बहीण ८०५१ बाजारात आली होती. ४,०९६ बाइटांची स्थायी स्मृती, १२८ बाइटांची तात्पुरती, बाहेर जाणाऱ्या ३२ वाटा आणि वेळ मोजणारे दोन टायमर. पुढे अनेक कंपन्यांनी हिचे वंशज काढिले, आणि आपल्याकडील महाविद्यालयांत कित्येक वर्षे विद्यार्थ्यांचा हात हिच्यावरच बसला. आमचाही तसाच बसला; आणि तेथूनच आमच्या अहंकाराचा आरंभ झाला.

आम्ही नुकतेच शिक्षक झालो होतो. शाळेची पितळी घंटा एक वयस्क शिपाईमामा हातोडीने देत. आम्ही हौसेने ८०५१ च्या वंशातील चिप घेऊन ही डबी तयार केली. अकरा वाजता बटण दाबावे, मग पुढच्या घंटा विजेवर आपोआप वाजाव्यात. सर्वांनी कौतुक केले. मामा मात्र हातोडी पुसून कोपऱ्यात ठेवताना काही बोलले नाहीत.

या चिपेच्या शेजारी क्वार्ट्झचा एक क्रिस्टल असतो. त्याच्या ठोक्यावर तिचे सारे चालते. बारा ठोक्यांस एक पाऊल, असा ८०५१ चा नियम. आमचा क्रिस्टल ११.०५९२ मेगाहर्ट्झचा होता. आकडा विचित्र दिसतो खरा, परंतु दुसऱ्या यंत्राशी संदेशांची देवघेव करिताना लागणारे वेग त्यातून बिनचूक भागाकाराने निघतात, म्हणून तो प्रचारात आला. त्याच्या हिशेबाने सेकंदास ९,२१,६०० पावले पडत, आणि आम्ही टायमरकडून ४६,०८० पावले वीस वेळा मोजवून एक सेकंद धरीत असू.

सहामाही परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तो क्रिस्टल निकामी झाला. दुकानात बारा मेगाहर्ट्झचा मिळाला. अकरा काय नि बारा काय, असे मनाशी म्हणून आम्ही तोच जोडिला. आता सेकंदास दहा लक्ष पावले पडू लागली. आज्ञा मात्र जुन्याच राहिल्या.

दुसरे दिवशी नववीचा गणिताचा पेपर, अकरा ते दोन. पहिल्या अर्ध्या तासाची घंटा वाजली तेव्हा मामा आपल्या मनगटी घड्याळाकडे पाहत आमच्याकडे आले. “सर, दोन मिनिटं लवकर झाली.” आम्ही उत्तर दिले, “मामा, तुमचे घड्याळ मागे पडत असेल. यंत्र चुकत नाही.” ते पुन्हा साडेबाराला आले, आणि आम्ही त्यांस हातानेच परत धाडिले. हा हात आजही आमच्या डोळ्यांपुढे येतो.

दोनची घंटा चौदा मिनिटे अगोदर वाजली. काही पर्यवेक्षक घुटमळले, पण घंटा हा शाळेचा हुकूम. पेपर गोळा झाले. पहिल्या बाकावरील एक मुलगी शेवटचे उदाहरण अर्धे टाकून उभी राहिली, आणि व्हरांड्यात येऊन खांबाला टेकून रडू लागली. ते उदाहरण तिला येत होते.

आम्ही प्रयोगशाळेचे दार लावून घेतले आणि कागदावर गुणाकार केला. १८० मिनिटांस ०.९२१६ ने गुणिले असता १६५.९ येतात. तिसरीतील मुलासही जमेल असा हिशेब. तो आम्ही आदल्या संध्याकाळी केला नव्हता. मुख्याध्यापकांपुढे जाऊन सर्व कबूल केले. त्यांनी रागावून न बोलता शनिवारी तो पेपर पुन्हा घेण्याचे ठरविले. ती मुलगी शनिवारी तापाने आली नाही. तिचे अर्धे उदाहरण तपासून, पहिल्या पेपराचे गुण तसेच धरण्यात आले.

मामांकडे आम्ही सायंकाळी गेलो. क्षमा मागताना शब्द नीट जुळेनात. त्यांनी मनगटावरचे घड्याळ सोडून आमच्या हातात ठेविले आणि म्हणाले, “लावून बघा, सर.” सातच्या बातम्यांच्या वेळी आम्ही ते आकाशवाणीशी ताडून पाहिले. अर्ध्या मिनिटाचाही फरक नव्हता.

योग्य क्रिस्टल पुढल्याच आठवड्यात मिळाला, आणि डबी नेहमीच्या तासांसाठी पुढे पुष्कळ वर्षे बिनचूक चालली. परीक्षेच्या दिवसांत मात्र आम्ही तिचे बटण दाबीत नसू. ती घंटा मामांनी निवृत्त होईपर्यंत स्वतःच्या हाताने दिली.